शिरेन ६ (निन्टेंडो स्विच): रोगलाइक खेळायचा तर हातात धरून

मंडळी, बरेच दिवस या गेमवर लिहायचं होतं. पूर्ण नाव 'शिरेन द वॉन्डरर: द मिस्टरी डंजन ऑफ सर्पंटकॉइल आयलंड', एवढं कोण म्हणत बसणार, आपण शिरेन ६ म्हणू. स्पाइक चुनसॉफ्ट या जपानी कंपनीचा गेम आहे, जपानमध्ये जानेवारी २०२४ ला आला, बाकी जगात फेब्रुवारीत, आणि याच्या आधीचा नंबरवाला भाग म्हणजे शिरेन ५ निन्टेंडोच्या डीएस या जुन्या कन्सोलवर २०१० ला आलेला, म्हणजे मधे तब्बल १३ वर्षांहून जास्त काळ गेला. मी हा निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर खेळतोय आणि टीव्हीला जोडून जवळपास खेळलोच नाहीये, सगळं हातात धरूनच. आणि माझं ठाम मत असं झालंय की या जातीचा, म्हणजे दरवेळी नव्या नकाशात उतरायचं आणि मेलात की पहिल्यापासून अशा रोगलाइक जातीचा गेम हातातल्या कन्सोलवर जसा रंगतो तसा दुसरीकडे कुठेच रंगत नाही.

कारण साधं आहे. यातलं जग तुम्ही हललात तरच हलतं. तुम्ही एक पाऊल टाकलं की मजल्यावरचे सगळे राक्षस एक पाऊल टाकणार, तुम्ही थांबून विचार करत बसलात तर तेही थांबून राहणार, पाच मिनिटं बसा नाहीतर पाच तास. म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे चार पावलं चाललात, कुणी हाक मारली, कन्सोल झोपवला आणि उठलात, परत येऊन बघाल तर तलवार उगारलेला राक्षस तिथेच उभा. काही बिघडलेलं नसतं. हेडीस घ्या किंवा डेड सेल्स घ्या, याच जातीचे पण न थांबता चालणारे, दोन्ही अफाट गेम आहेत, मी दोन्ही मनापासून खेळलोय, पण तिथे हात आणि डोळे सतत तापलेले लागतात, मधेच उठलं की परत लय पकडायला वेळ जातो. ट्रेनमध्ये स्टेशन आलं की पटकन उतरायचं असतं, दवाखान्यात नंबर कधी पुकारतील सांगता येत नाही, अशा तुटक तुटक वेळेत शिरेन असा बसतो की बास.

ज्यांना रोगलाइक हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८० च्या आसपास अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' (इंग्रजीतलं Rogue, आजार नव्हे) नावाचा गेम लिहिला, नंतर केन अरनॉल्ड त्यात आला. युनिक्स संगणकांच्या नुसती अक्षरं दाखवणाऱ्या टर्मिनलवर चालायचा, चित्रं वगैरे काही नाही, हिरो म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते अॅटचं चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षरं. दरवेळी तळघराचा नकाशा नवा, वस्तू नव्या, आणि मेलात की पहिल्यापासून. एवढ्या तीन गोष्टींवर अख्खं घराणं उभं राहिलं. चुनसॉफ्टने (तीच पुढे स्पाइक चुनसॉफ्ट झाली) १९९३ ला निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलवर टोर्नेको काढून तेच जपानी घराघरात नेलं, ड्रॅगन क्वेस्ट या जपानी गेममधला तो जाडजूड व्यापारी हिरो करून, आणि १९९५ ला स्वतःचं पात्र आणलं, तोच शिरेन, टोपी, पट्ट्यापट्ट्यांची शाल, आणि सोबत कोप्पा नावाचा बोलणारा मुंगसासारखा प्राणी. गेमबॉयवर तर शिरेन १९९६ लाच आला होता, म्हणजे हातात धरून खेळायची परंपरा यात जुनी आहे. पोकेमॉन मिस्टरी डंजन ज्यांनी लहानपणी खेळलंय त्यांनी हेच खेळलंय, फक्त बरंच सौम्य.

आता मुद्द्याचं. हा गेम नक्की करतो काय?

बेटावरच्या गावातून निघायचं, मजल्यामागून मजले चढत जायचं, मेलात की गावात परत, लेव्हल १, पिशवी रिकामी. ऐकायला क्रूर वाटतं, पण खरी कमाई पिशवीत नसतीच, ती तुमच्या डोक्यात असते, आणि हे बोलायला म्हणून बोलत नाहीये, एक उदाहरण देतो. सुरुवातीच्या डंजनमध्ये (डंजन म्हणजे राक्षसांनी भरलेल्या मजल्यांचा हा चक्रव्यूह) बऱ्याच वस्तू ओळखीच्या असतात पण पुढच्या डंजनमध्ये सापडणारी मुळी, गुंडाळी, माठ, काठी, सगळंच अनोळखी असतं, खोटी नावं चिकटवलेली असतात. गुंडाळी म्हणजे वाचली की जादू होणारा कागद, आणि ती ओळखायचा सोपा रस्ता म्हणजे वाचून बघणं. पण त्यात एक गुंडाळी अशी आहे की ती वाचायची नसतेच, जमिनीवर ठेवून तिच्यावर उभं राहायचं असतं, मग राक्षस शेजारी येऊनही तुम्हाला मारू शकत नाहीत. वाचली की वाया गेली. म्हणून जाणकार खेळाडू अनोळखी गुंडाळी आधी खाली ठेवून बघतो, ती जमिनीला चिकटली की समजायचं हीच ती. तीच गोष्ट दुकानाची, डंजनमध्ये मधेच दुकान लागतं, तिथे अनोळखी वस्तू दुकानदारासमोर ठेवली की तो भाव सांगतो, आणि भावावरून कळतं की ही वस्तू या चार-पाचांपैकीच एक असणार. विकायचीही गरज नाही, उचलून निघा. मग तिला स्वतःच नाव देऊन ठेवता येतं. हे सगळं कुणी शिकवत नाही असं नाही, गावात सराव करायला दोजो आहे, भेटलेले राक्षस आणि सापडलेल्या वस्तू तिथे मांडून हवे ते प्रयोग करता येतात, आणि ही सोय मला या भागातली सगळ्यात मोठी सुधारणा वाटते.

आणि वस्तू एकमेकींशी कशा भिडतात ते बघायला तर वेगळीच मजा आहे राव. एक राक्षस आहे, त्याच्याकडे तलवार फेकली तर गिळतो, मग दुसरी फेका, तीही गिळतो, आणि त्याला मारलं की पोटातून दोन्हीचे गुण असलेली एकच तलवार बाहेर पडते. म्हणजे शत्रू हाच लोहार! फक्त तो पोटात वस्तू गेल्यावर जास्त जोर धरतो, तेव्हा हे धाडस कधी करायचं ते आपलं आपण ठरवायचं. एका राक्षसाने चुकून दुसऱ्या राक्षसाला मारलं तर मारणारा वरच्या जातीत जातो, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर अचानक विसाव्या मजल्याचं संकट उभं, आणि तेच जर तुमच्याकडे उपाय असताना घडवून आणलं तर एका फटक्यात ढीगभर अनुभव, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, मिळतो. भूक पण आहे, पोट हळूहळू रिकामं होतं, ओनिगिरी म्हणजे जपानी भाताचे गोळे शोधत राहावं लागतं, आणि एकाच मजल्यावर फार रेंगाळलात तर वारा येऊन उडवून नेतो. त्यामुळे सगळा मजला झाडून काढायचा मोह आणि पुढे सरकायची घाई यांची रस्सीखेच शेवटपर्यंत चालू.

परवाचाच प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. अरुंद बोळात होतो, जीव अगदी थोडा उरलेला, मागे एक राक्षस चिकटलेला, पुढून दुसरा येतोय, आणि जिना पुढच्याच्या पलीकडे. लढलो असतो तर दोन फटक्यांत खेळ खलास. कन्सोल तसाच बाजूला ठेवला, जेवलो, भांडी घासता घासता पिशवीतल्या एकेका वस्तूचा विचार करत होतो, आणि आठवलं की जागा बदलायची काठी आहे. ती पुढच्यावर मारली की तो माझ्या जागी येतो आणि मी त्याच्या, म्हणजे दोघंही माझ्या मागे आणि जिन्याचा रस्ता मोकळा, आणि सगळ्यांचा वेग सारखा असल्याने ते मला गाठू शकत नाहीत. परत येऊन तसंच केलं, वाचलो. बटणं भराभर दाबायचं कौशल्य यात शून्य लागतं, विचार लागतो, आणि तो विचार कन्सोल बंद असतानाही डोक्यात चालू राहतो, यासाठीच मला हा प्रकार इतका आवडतो.

नवीन काय आहे म्हणाल तर अनेक चौकोन व्यापणारे अवाढव्य राक्षस आहेत, पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खरंच सरळ जिन्याकडे पळालो. पीच बन्स आहेत, ज्या खाऊन तुम्हीच राक्षस होता आणि त्याची ताकद वापरता, हे मला फार आवडलं कारण अडचणीतून सुटायचे मार्ग एकदम वाढतात. चित्रं आता थ्रीडीत आहेत पण वरून बघायची पद्धत तीच, सगळं स्वच्छ दिसतं. संगीत हायातो मात्सुओचं, जुन्या भागांचं संगीत कोइची सुगियामांचं होतं, ते वळण पुढे नेलंय आणि हेडफोन लावून ऐकावं असं आहे. राक्षसांनी भरलेल्या खोलीत पाय पडला की संगीत बदलतं तेव्हा अजूनही छातीत धस्स होतं.

रेस्क्यूबद्दल वेगळं लिहायला हवं. तुम्ही मेलात तर ऑनलाइन मदत मागता येते, मग जगातला कुठलातरी अनोळखी खेळाडू त्याच डंजनमध्ये खालून सुरुवात करून तुम्ही पडलात त्या मजल्यापर्यंत येतो आणि तुम्हाला उठवतो. त्याचा स्वतःचा वेळ जातो, त्याचाही जीव जाऊ शकतो. अशी मदत मला मिळालीय आणि मीही दुसऱ्यांसाठी गेलोय, आणि खरं सांगू का, स्वतःसाठी खेळताना जेवढा जपून खेळतो त्याच्यापेक्षा जास्त जपून तेव्हा खेळतो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये इतकी माणुसकीची गोष्ट मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

खटकलेलं पण सांगतो. गोष्ट बेताची आहे, कैद झालेली मुलगी, पोटात खजिना असलेला राक्षस, ठीक आहे, पण गोष्टीसाठी कुणी घेऊ नका. मुख्य डंजनचे पहिले काही मजले पुन्हा पुन्हा तेच तेच वाटायला लागतात, तिथे थोडी विविधता हवी होती. गोष्ट संपल्यावर खरा गेम उघडतो, वेगवेगळ्या नियमांची डंजन्स, आणि त्यात ९९ मजल्यांचं एक, जिथे बाहेरून काहीच नेता येत नाही आणि सगळंच अनोळखी, माझ्यासाठी तोच या गेमचा आत्मा आहे, पण तिथवर पोचायच्या आधीच कंटाळून सोडणारे लोक असणार याचं वाईट वाटतं. आणि भारतीय भाषा नाही, इंग्रजी वाचावं लागतं, वस्तूंची वर्णनं नीट वाचल्याशिवाय यात निभाव लागत नाही, घरातल्या लहान मुलांना देताना सोबत बसा.

कन्सोलबद्दल थोडं. यात आठ दिशांना चालायचं असतं, तिरकं पाऊल चुकलं तर जिवावर बेततं (तिरकं चालण्यापुरतं वेगळं बटण दाबून धरता येतं, ते पहिल्या दिवसापासून वापरा). त्यामुळे मला स्विच लाइट हे छोटं मॉडेल जास्त आवडतं, त्याला खरीखुरी अधिकची खूण असलेलं दिशांचं बटण आहे, साध्या स्विचच्या जॉयकॉनवर, म्हणजे बाजूच्या सुट्या कंट्रोलरवर, चार सुटी बटणं आहेत. लाइटचा स्क्रीन साडेपाच इंच, स्विचच्या ओलेड मॉडेलचा ७ इंच, म्हणजे डोळ्यांना ओलेड बरा आणि अंगठ्याला लाइट, काय महत्त्वाचं ते तुमचं तुम्ही बघा. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, पण २०२४ च्या शेवटी आलाय, ज्यांच्याकडे स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र आहे त्यांनी तिथे घ्यावा.

पैशाचं गणित मात्र नीट करा. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही, कन्सोल काय आणि गेम काय, आयात केलेलाच घ्यावा लागतो, मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा हाजी अलीचं हिरा पन्ना, नाहीतर ऑनलाइन, आणि वॉरंटीचं आधी विचारून घ्या. गेमची स्विचवरची मूळ किंमत ६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या वर. एवढे एकदम घालायचे नसतील तर शिरेन ५ स्विचवर बराच स्वस्त आहे, २०२० मध्ये आलेला, जुन्या धाटणीची चित्रं पण खोली तेवढीच, आणि माझ्या मते नवशिक्याला थोडा जास्त अवघड. डाउनलोडऐवजी कार्ट्रिज (कन्सोलमध्ये घालायचं कार्ड) घेतलंत तर नंतर विकता येतं हा एक फायदा. आणि कन्सोलच नसेल तर आधी फोनवर शॅटर्ड पिक्सेल डंजन टाका, अँड्रॉइडवर फुकट आहे, २६ मजले, एका हाताने खेळता येतो, अनोळखी औषधं आणि गुंडाळ्या यातही आहेतच. तो आठवडाभर खेळूनही हातातून सुटला नाही तर मग शिरेनसाठी पैसे साठवायला लागा.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा त्या पहिल्या मजल्यांसाठी कापलाय.