डीपीपीएच आठ महिने वापरल्यावर

औषधी वनस्पतींच्या अर्कात अँटिऑक्सिडंट ताकद किती, हे मोजायला सगळे आधी डीपीपीएचकडेच वळतात. ही एका टिकाऊ फ्री रॅडिकलची, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूची पावडर. मीही वळलो. पद्धत अगदी साधी. १०० मिली मिथेनॉलमध्ये साधारण ४ मिग्रॅ पावडर विरघळवायची, की गर्द जांभळं द्रावण तयार. त्यात अर्क घालून अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि ५१७ नॅनोमीटरवर किती प्रकाश शोषला जातो त्याचं रीडिंग घ्यायचं. जांभळा उतरून पिवळा आला, म्हणजे अर्काने फ्री रॅडिकल निकामी केलं.

पहिला महिना मजेत गेला. मग आवळा आला. सगळ्या टेस्ट ट्यूब हलवता हलवताच पिवळ्या! ताकद दिसली, पण आयसी-५०, म्हणजे निम्मं रॅडिकल निकामी करायला लागणारं अर्काचं प्रमाण, काढणार कशावरून? अर्क पार पातळ केला तेव्हा कुठे आलेख चढायला लागला. (आयसी-५० जितका कमी तितका अर्क जोरदार. हे उलटं वाचणारे अजून भेटतात.)

खरा घोळ जास्वंदीने घातला. अर्क वाढवावा तसा परिणाम घटताना दिसे. दोन आठवडे पिपेटला दोष दिला. शेवटी नुसता अर्क मिथेनॉलमध्ये घालून क्युव्हेट (रीडिंगची छोटी पारदर्शक नळी) लावली, तर पाकळ्यांचा लाल रंगच ५१७च्या आसपास प्रकाश शोषत होता. तेव्हापासून प्रत्येक अर्काचा वेगळा ब्लँक, म्हणजे वजा करायचं रीडिंग, डीपीपीएच न घालता. गुळवेलीच्या काढ्याची तऱ्हा निराळी. मिथेनॉल लागताच पिष्ट साकळतं, द्रावण गढूळ होतं आणि रीडिंग फुगतं. तो आधी सेंट्रिफ्यूज केल्याशिवाय हात लावत नाही.

द्रावण रोज ताजं करायचं आणि बाटलीला फॉइल गुंडाळायचं. कालचं द्रावण दिसायला तसंच असतं, पण कंट्रोल, म्हणजे अर्क न घालता घेतलेलं रीडिंग, खाली आलेला असतो.

आकडे हाती आले की ‘हे घेतलं तर शरीरात काय होईल?’ असं लोक विचारतात. डीपीपीएच शरीरात नसतंच, आणि अर्कातलं किती आतड्यातून रक्तात उतरतं हे ट्यूब सांगत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाने अशाच एका चाचणीचा, ओआरएसीचा, तक्ता २०१२ साली काढून टाकला. कंपन्या तो जाहिरातीत मिरवत होत्या.

अर्कांची आपापसात तुलना करायला मात्र डीपीपीएच मी सोडणार नाही. फक्त जास्वंदीसाठी आदल्या संध्याकाळीच एबीटीएस, म्हणजे अशाच दुसऱ्या चाचणीचं रंगीत द्रावण, करून ठेवतो. त्याचं रीडिंग ७३४वर घेतात, तिथे पाकळ्यांचा रंग आड येत नाही.