घरच्या सीडी प्लेअरची बटणे : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी अँप्लिफायरला जोडण्यासाठी मी एक साधा, एकाच तबकडीचा सीडी प्लेअर घेतला. त्याच्या दर्शनी पट्टीवर मोजून सहा बटणे आहेत : पॉवर, ट्रे उघडण्याचे-मिटण्याचे, प्ले-पॉज, स्टॉप, मागे आणि पुढे. शेजारी हेडफोनच्या आवाजाची एक लहानशी गोल खुंटी आहे. पुस्तिका न उघडताच पहिल्या दिवशी गाणे वाजू लागले आणि या यंत्रात शिकण्यासारखे काही नाही असा माझा समज झाला. तो पुढे महिनाभर टिकला, आणि त्या महिन्यातल्या माझ्या बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात नसून माझ्या घाईत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पहिली तक्रार ट्रेची. ट्रे आत गेल्याबरोबर मी रिमोटवर ट्रॅकचा क्रमांक दाबत असे आणि यंत्र ढिम्म राहत असे. कारण कळल्यावर राग गेला. सीडीवरची नोंद मध्याकडून कडेकडे जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत असते आणि तिच्या अगदी आरंभी त्या तबकडीची अनुक्रमणिका असते : ट्रॅक किती, प्रत्येक कुठे सुरू होतो, एकूण वेळ किती. ती वाचून होईपर्यंत यंत्राला सातवा ट्रॅक म्हणजे काय हेच माहीत नसते. माझ्या प्लेअरला यासाठी चार-पाच सेकंद लागतात, घरी नोंदवलेल्या तबकडीला त्याहून थोडे अधिक. पडद्यावर एकूण ट्रॅक आणि एकूण वेळ उमटली की मगच बटणांना हात लावायचा. पहिल्यापासूनच ऐकायचे असेल तर याहून सोपी वाट आहे, आणि आता मी तीच वापरतो : उघड्या ट्रेवर तबकडी ठेवून थेट प्ले दाबले की ट्रे मिटणे, अनुक्रमणिका वाचणे आणि वाजू लागणे ही तिन्ही कामे ओळीने होतात. ट्रेला बोटाने ढकलले तरी तो आत जातो, पण आतल्या दात्यांवर विनाकारण ताण येतो, म्हणून ती सवय मी सोडली.

सगळ्यांत अधिक विचार करायला लावला तो ‘मागे’ या बटणाने. चालू ट्रॅकच्या मध्ये ते एकदा दाबले की यंत्र मागच्या ट्रॅकवर जात नाही, चालू ट्रॅकच्याच आरंभी येते. मागच्या ट्रॅकवर जायचे तर लगोलग दोनदा दाबावे लागते. सुरुवातीला मी एकदा दाबून थांबत असे, तेच गाणे पुन्हा सुरू झाले की पुन्हा दाबत असे, पण तोवर दोन-चार सेकंद गेलेली असल्याने दरवेळी त्याच गाण्याच्या तोंडाशी परत येत असे. घरातल्या एकाने तर बटण बिघडल्याचा निकालच देऊन टाकला होता. हेच बटण दाबून धरले की तबकडी आवाजाचे तुकडे ऐकवत वेगाने मागे सरकते, आणि ‘पुढे’ दाबून धरल्यास पुढे. ज्या तबकडीवर चाळीस मिनिटांचे सलग वादन एकाच ट्रॅकमध्ये आहे, तिच्यातला हवा तो भाग गाठायला दाबून धरण्यावाचून दुसरा मार्ग नाही. बोट किती वेळ ठेवायचे याचा अंदाज मात्र सरावानेच येतो. मी अजूनही अर्धा मिनिट इकडे-तिकडे पोचतो.

पॉज आणि स्टॉप यांतला फरक वरवर क्षुल्लक वाटतो. पॉजमध्ये तबकडी फिरतच राहते आणि लेसर आपली जागा धरून असतो, त्यामुळे प्ले दाबताच आवाज तिथूनच सुरू होतो. स्टॉप दाबले की तबकडी थांबते आणि जागा विसरली जाते. दोन मिनिटांसाठी उठायचे असेल तर पॉज, जेवायला जायचे असेल तर स्टॉप, असा माझा ठोकताळा आहे. जेवणाच्या वेळी पॉज ठेवून पाहिले होते. माझे यंत्र वीस मिनिटे शांत राहिले की आपोआप स्टँडबायमध्ये जाते आणि धरून ठेवलेली जागाही त्याबरोबर जाते. जागा लक्षात ठेवण्याची सोय या किमतीच्या यंत्रात असायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या ट्रॅकवरून एकदम शेवटच्यावर उडी मारली तर क्षणभर अधिक थांबावे लागते, यात मात्र दोष नाही : रेषा लेसरखालून सारख्याच वेगाने सरकावी म्हणून तबकडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला सुमारे २००, तेव्हा मोठ्या उडीबरोबर फिरण्याचा वेगही बदलावा लागतो.

प्रोग्रॅमची, म्हणजे ट्रॅक आपल्याला हव्या त्या क्रमाने रचून ठेवण्याची, सोय मी नऊ महिन्यांत तीनदा वापरली. ती स्टॉप अवस्थेतच चालते, आणि ट्रे उघडला की रचलेला क्रम पुसला जातो. ट्रॅक कोणत्याही क्रमाने वाजवणारे शफल एकदा चुकून चालू राहिले आणि तबकडी सदोष छापली आहे असे मी दोन दिवस समजत होतो.

आवाजाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. पट्टीवरची खुंटी फक्त हेडफोनचा आवाज कमी-जास्त करते. स्पीकरचा आवाज अँप्लिफायरवरूनच बदलतो. जोडणीच्या दिवशी मी प्लेअरची तार अँप्लिफायरच्या फोनो या जागी खुपसली आणि कर्कश, फाटका आवाज ऐकून हादरलो. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टच्या क्षीण संकेतासाठी असते, तर सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्टपर्यंतचा संकेत देतो. तार सीडी लिहिलेल्या जागी लावताच सारे सुरळीत झाले.

एक तबकडी एकाच जागी अडखळू लागली तेव्हा मी आधी ‘पुढे’ बटण बडवले, मग ती बाहेर काढून पाहिली. बोटाचा ठसा होता. मऊ कोरड्या कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ पुसल्यावर ती वाजू लागली. गोल गोल पुसू नये, कारण रेषेच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग बरीच माहिती झाकतो आणि चुका दुरुस्त करणारी व्यवस्था तिथे अपुरी पडते. छापील बाजूही जपावी लागते. परावर्तक थर त्याच बाजूला, पातळ लेपाखाली असतो.

रिमोटवर माझा थोडा रोष आहे. बटणे एकसारखी आणि बारीक असल्याने अंधारात स्टॉपऐवजी ट्रेच उघडतो. दहाच्या पुढच्या ट्रॅकसाठी आधी अधिक दहाचे बटण आणि मग अंक दाबायचा असतो, हे ध्यानात यायला पुस्तिकेचे नववे पान गाठावे लागले. प्लेअरच्या पट्टीवर अंक नाहीतच, त्यामुळे गेल्या आठवड्यात रिमोटचे सेल संपले तेव्हा सतरा ट्रॅकच्या तबकडीतला चौदावा कसा गाठावा हा प्रश्न पडला. तबकडी थांबलेली असताना ‘मागे’ दाबून पाहिले, तर पडद्यावर थेट सतरा उमटले; आणखी तीनदा दाबल्यावर चौदा. पुस्तिकेत याचा उल्लेख मला कुठेही सापडला नाही.