वायकीकीची जुनी विंग आणि भलताच 'रिझर्व्हेशन्स डेस्क'

होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर आज उभं असलेलं सगळ्यात जुनं हॉटेल म्हणजे मोआना, 1901 सालचं. पांढरी खांबांची इमारत, समुद्राकडे उघडणारं अंगण आणि त्यात 1904 मध्ये लावलेला अवाढव्य वड. पण आता त्याच हॉटेलात 1952 ची इमारत आणि 1969 चा टॉवरही येतो. हॉटेल तेच, तरी खोली जुन्या विंगमध्ये मिळेलच असं नाही. आम्हाला गंडवणाऱ्यांचं काम याच फटीतून झालं.

गुगलवर हॉटेलचं नाव टाकलं की आधी जाहिराती दिसतात. त्यातल्या एका साइटच्या पत्त्यातच हॉटेलचं नाव होतं, फोटोही तेच. दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडून बाई 'रिझर्व्हेशन्स डेस्क' म्हणाली. कुणाचा डेस्क, ते शेवटपर्यंत बोलली नाही. आई-बाबांसाठी जुन्या विंगमधलीच खोली हवी, असं बजावलं. 'नक्की, नोंद केली.'

हॉटेलात पोचल्यावर कळलं, बुकिंग मध्यस्थाकडून आलंय आणि त्यात विंगचा उल्लेखच नाही. जुनी विंग भरलेली, मग टॉवर. रिसॉर्ट फी, म्हणजे भाड्याशिवाय हॉटेल सक्तीने लावतं ते शुल्क, वेगळी, तिच्याबद्दलही बाईंनी अवाक्षर काढलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने खूप धडपड केली, पण आमचे पैसे मध्यस्थाने घेतले होते. हॉटेलला त्याने स्वतःच्या कार्डावरून दिले. आम्ही किती मोजले ते तिला दिसतही नव्हतं.

खरी मेख 'टॅक्सेस अँड फीज' या एका ओळीत होती. तिथे खोलीवरचे सगळे कर मिळून 2025 पर्यंत साधारण 18 टक्के होत. आमच्या पावतीवर ती ओळ भाड्याच्या जवळजवळ एक तृतीयांश! वरचा सगळा मलिदा त्यांचा, कराच्या नावाखाली. शिवाय 'नॉन-रिफंडेबल'.

तेव्हा कार्ड नंबर देण्याआधी विचारा, पैसे कुणाच्या नावावर जाणार? उत्तर घोळवलं तर फोन ठेवा. विंगचं नाव कन्फर्मेशनमध्ये लेखी घ्या आणि हॉटेलच्या स्वतःच्या नंबरवर फोन करून त्यांच्याकडची नोंद वाचून दाखवायला सांगा. मे 2025 पासून अमेरिकेत रिसॉर्ट फी धरूनच भाव सांगणं बंधनकारक आहे, पण फोनवर तो नियम कोण पाळतंय!

क्रेडिट कार्डाच्या बिलाबद्दल तिथे स्टेटमेंटपासून 60 दिवसांत लेखी तक्रार करता येते. आम्ही केली. बँकेने फीचे पैसे मिळवून दिले. भाड्यातला फरक नाही. 'राहिलात ना तुम्ही?' म्हणे.