लॅमिंग्टन रोडवरचं एफएम किट: सगळा खेळ एका कॉइलचा

मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला लागलं की एफएम रेडिओची किट दोन-चार तऱ्हांची दिसतात. त्यातलं हे सीएक्सए१६१९ जातीच्या आयसीचं मोनो किट. सोबत १०.७ मेगाहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर, एक आयएफटी (आतली फेराइटची कोअर फिरवून जुळवायची कॉइल) आणि हवेतल्या वेटोळ्यांच्या दोन कॉइल. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नाही आणि सर्किटची झेरॉक्स इतकी पुसट की भिंग लागेल. तरीही घ्यावं, कारण एफएममधून आवाज कसा सुटा होतो ते यात आपल्या हाताने फिरवून कळतं.

आत आहे क्वाड्रेचर डिटेक्टर. कुठलंही स्टेशन लावा, रेडिओ त्याचा सिग्नल आपल्या ऑसिलेटरशी मिसळून आधी १०.७ मेगाहर्ट्झवर आणतो. १०.७ मेगाहर्ट्झच्या सिग्नलचे दोन भाग होतात. एक सरळ जातो, दुसरा त्या आयएफटीच्या ट्यून्ड सर्किटमधून ९० अंश वळून येतो. स्टेशनची फ्रिक्वेन्सी आवाजाबरोबर ±७५ किलोहर्ट्झपर्यंत हलते, तसा हा कोन ९०च्या अलीकडे-पलीकडे होतो. दोन्ही भागांचा गुणाकार करून गाळला की हाती उरतो तो आवाज. म्हणजे आयएफटी नेमकी १०.७ वर बसली नसेल तर बाकी सगळं सोल्डरिंग चकाचक असूनही आवाज फाटणारच. बहुतेक किट इथेच बदनाम होतात.

कोअर फिरवायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर चालत नाही. टोक आत असताना इंडक्टन्स वेगळा, बाहेर काढलं की वेगळा. जुन्या टूथब्रशचा दांडा घासून चपटा करा, काम भागतं. आधी एएफसी (ट्यूनिंग आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद करा. नाहीतर डिटेक्टरचं चुकलेलं डीसी व्होल्टेज ऑसिलेटरलाच ओढतं आणि चूक झाकली जाते. स्टेशन नसलेल्या जागी डिटेक्टरच्या आउटपुटवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज लिहून ठेवा. मग मुंबईच्या १००.७ किंवा १०७.१ मेगाहर्ट्झच्या स्टेशनवर, जिथे बोलणं जास्त असतं, ट्यूनिंग खरखर सगळ्यात कमी होईल तिथे थांबवा. आता कोअर पाव-पाव फेरा फिरवत व्होल्टेज लिहिलेल्या आकड्यावर आणा. ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ ऐकू आले की झालं. कोअर शेवटच्या पेचावर जोराने दाबू नका, फेराइट तडकतो.

फिल्टरवरचा ठिपकाही बघून घ्या. मुराटा कंपनीच्या पद्धतीत लाल म्हणजे १०.७०, निळा १०.६७, नारिंगी १०.७३ मेगाहर्ट्झ. मिसळीचा माल असतो, त्यामुळे निळा आला तर आयएफटी त्याच्याशी जुळवायची, हटून १०.७० शी नाही. फिल्टर जेवढा पट्टा आत सोडतो ती रुंदी २८० किलोहर्ट्झची मिळाली तर उत्तम. १८० ची मोनोला पुरते.

१०७.१ पर्यंत पोचत नसेल तर ऑसिलेटर कॉइलची वेटोळी किंचित ताणा, फ्रिक्वेन्सी वर जाते. खाली ९१.१ निसटलं तर जवळ दाबा.

एलईडी बल्बांची खरखर लिमिटर (सिग्नलची कमीजास्त उंची सपाट कापणारा भाग) बऱ्यापैकी गिळतो, ही या आयसीची जमेची बाजू. जुन्या सेटमधल्या रेशो डिटेक्टरमध्ये हेच काम दोन डायोडांवरचा १० मायक्रोफॅरडच्या आसपासचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर करायचा. तो सुकला की सेट कुरकुरायला लागायचा. उंच टॉवरांवरून परावर्तित होऊन येणाऱ्या सिग्नलवर मात्र कुठल्याही डिटेक्टरकडे इलाज नाही. ॲन्टेना हातभर सरकवून बघायची, बस.

शेजारच्याच काउंटरवर आरडीए५८०७ या रेडिओ चिपचं नखाएवढं मॉड्यूल मिळतं. तिथे डिमॉड्युलेशन, म्हणजे आवाज सुटा करणं, चिपच्या आत आकड्यांवर होतं, कॉइल जुळवायचा प्रश्नच नाही. ३.३ व्होल्ट आणि मायक्रोकंट्रोलरकडून हुकूम द्यायला आयटूसीच्या दोन तारा. स्टिरिओही मिळतो. पण सुरुवातीला डी-एम्फसिस (स्टेशनने वाढवून पाठवलेले उंच स्वर परत खाली आणणं) ७५ मायक्रोसेकंदांवर असतं, आपल्याकडे ५० लागतं. फरक १० किलोहर्ट्झला सुमारे ३.३ डेसिबलचा, म्हणजे तबल्याची चाट बोथट होते. चिपच्या ०४एच रजिस्टरचा (सेटिंगच्या कप्प्याचा) ११वा बिट (शून्यापासून मोजून) १ करा. नुसतं ऐकायचं असेल तर हेच घ्या, किटच्या नादी लागू नका.

एसडीआर डाँगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावून सॉफ्टवेअरने चालवायचा रेडिओ, हा तिसरा पर्याय. त्यात लागोपाठच्या दोन नमुन्यांमधला फेजचा फरक काढला की आवाज मिळतो. १९ किलोहर्ट्झचा पायलट (स्टिरिओची खूण) आणि ५७ वरचा आरडीएस (स्टेशनचं नाव वगैरे माहिती) पडद्यावर दिसतात, तेवढ्यासाठी तरी एकदा बघावा.

किट घेताना एक आयएफटी आणि लाल ठिपक्याचा एक फिल्टर जादा मागून घ्या. आयसी ३० पायांची, पायांमधलं अंतर १.७८ मिलिमीटर, त्यामुळे २.५४ च्या ब्रेडबोर्डवर ती बसत नाही. सोबतच्या पीसीबीवर आयसीऐवजी त्याच अंतराचं सॉकेट सोल्डर करा. ते न मिळाल्यास आयसी थेट सोल्डर करताना प्रत्येक पायाला तीन सेकंदांपेक्षा जास्त सोल्डरिंग आयर्न टेकवू नका.