डिजिटल वजनकाटा, नऊ महिने वापरून: शहाबादी फरशीवर ठेवू नका

हा काटा का घेतला ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत 13 जानेवारीला, यण्णीमज्जनाच्या म्हणजे 68 लिंगांना तेलाभिषेक करायच्या दिवशी, मी नंदीध्वजांच्या मागे निघालो होतो. यात्रेच्या मानकऱ्यांच्या हिरेहब्बू वाड्यापासून निघायचं आणि 68 लिंगांची प्रदक्षिणा पुरी करायची, असं दरवर्षी ठरतं. लहानपणी वडिलांचा हात धरून अनवाणी केलेली आहे. या खेपेला अर्ध्या वाटेतच पोटऱ्या भरून आल्या, धाप लागली, आणि ओळखीचं कुणी बघायच्या आत मी एका बोळात शिरून रिक्षा केली. मागून ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ ऐकू येत होतं. बाराबंदी घातलेली माणसं एवढाले उंच ध्वज पेलत चालतात आणि माझ्या हातात पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती.

त्याच आठवड्यात काटा मागवला. 1,399 रुपये. काचेचा, चार कोपऱ्यांत चकचकीत पट्ट्या असलेला, मोबाइलला जोडणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तक्रारी बऱ्याच आहेत. माझं वय 46, उंची 170 सेंटीमीटर, काम सुताच्या दुकानात हिशेबाचं, म्हणजे सकाळी दहा ते रात्री आठ खुर्ची. पहिलं वजन 94.6 किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 32.7. आपल्याकडच्या लोकांसाठी 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, म्हणजे मी ‘थोडा सुटलोय’ या गटातला नव्हतोच.

पहिला महिना जोरात गेला. आठ दिवसांत पावणेदोन किलो उतरलं तेव्हा दुकानात पेढे वाटायचे बाकी होते. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, सुरुवातीला उतरतं त्यात पाणीच जास्त असतं. खाणं कमी केलं की शरीर साठवलेली साखर वापरतं, आणि त्या साखरेला धरून बसलेलं तिच्या तिप्पट पाणीही निघून जातं. चरबी सावकाश जाते. हे आधी माहीत असतं तर तिसऱ्या आठवड्यात काटा हलेना म्हणून एवढा चिडलो नसतो.

आता फरशीचं. आमचं घर शुक्रवार पेठेतलं, जुनं, खाली सगळी शहाबादी. एक दिवस काटा स्वयंपाकघरातून उचलून न्हाणीच्या दाराशी ठेवला आणि वजन एका रात्रीत 1.2 किलो कमी. दोन दिवस मी आनंदात. तिसऱ्या दिवशी मुलाने काटा हाताने दाबून दाखवला, एक पाय अधांतरी डुगडुगत होता. या काट्याच्या चारही पायांत वजन मोजणारे वेगवेगळे सेन्सर असतात आणि आकडा चौघांच्या बेरजेतून येतो. एक पाय नीट टेकला नाही की बेरीज चुकली. सतरंजीवर ठेवला तरी तेच. शेवटी वरच्या मजल्याला जाताना जिन्याच्या वळणावर नवीन टाइल बसवली आहे, तिथे खडूने चौकट आखून काटा कायमचा ठेवला. जुन्या घरात राहत असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

चरबीचा टक्का, स्नायू, हाडं, पाणी असे अ‍ॅपमध्ये अकरा आकडे येतात. पट्ट्यांवर अनवाणी उभं राहिलं की पायातून अगदी बारीक वीज जाते. अंगातल्या पाण्यातून ती सहज जाते, चरबीतून अडते, त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. अंदाजच. मे महिन्यात पारा 43 वर असताना फिरून घामाघूम होऊन चढलो तर चरबी तीन टक्के वाढलेली, दोन तांबे पाणी पिऊन तासाभराने पुन्हा खाली. मी ते आकडे बघणं सोडलं. ‘शरीराचं वय’ नावाचाही एक आकडा येतो. माझं 57 आलं. बायकोने तो आकडा अक्कलकोटच्या माहेरापर्यंत पोचवला. अपमानाने माणूस पेटून उठतो म्हणतात, मी चार दिवस पेटलो.

अ‍ॅपचा खरा दोष वेगळाच. काट्यावर चढलेला माणूस कोण, हे ते वजनाच्या जवळपासवरून ठरवतं. लग्नसराईत घर पाहुण्यांनी भरलेलं, आल्यागेल्या प्रत्येकाला काट्यावर चढायचं. पुण्याचा भाचा चढला, 78 किलो, आणि ते माझ्या नावावर जमा. सकाळी फोन माझं अभिनंदन करत होता, चौदा किलो कमी केल्याबद्दल. दुसऱ्या दिवशी मी चढलो तर ‘काळजी घ्या, वजन झपाट्याने वाढत आहे’. चुकीची नोंद पुसता येते, पण ती सोय कुठे लपवली आहे ते शोधायला मुलाला अर्धा तास लागला.

खाण्याबद्दल थोडंच. ज्वारीची भाकरी सोडली नाही, सोडणारही नाही. घात शेंगाचटणी करत होती. उखळात कुटून तेल सुटलेली ती चटणी, वर आणखी तेल, आणि बरणी ताटाशेजारी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 570 कॅलरी असतात, आणि मी बरणीत चमचा घालून बोलत बोलत किती खात होतो त्याला हिशेब नव्हता. हिशेबनीस माणूस मी! आता चटणी लहान वाटीत येते आणि बरणी फडताळात राहते. रात्रीची दुसरी भाकरी अर्धी झाली. डाएट म्हणाल तर एवढंच. हुरड्याच्या दिवसांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

चालणं सकाळी साडेपाचला: घरून किल्ल्याच्या कडेने सिद्धेश्वर तलाव, तिथून पार्क चौक आणि परत. पाऊण तास.

आणि मग एप्रिल-मे. आमरस, लग्नं, ऊन. सात आठवडे काटा 91 च्या आसपास बसून राहिला. रोज चढायचो, रोज तोंड पाडून उतरायचो, आणि ज्या दिवशी आकडा अर्धा किलो वर दिसे त्या दिवशी ‘जाऊ दे मरू दे’ म्हणून दुपारी दुकानात भजी मागवायचो. भज्यांच्या मिठाने अंगात पाणी धरलं की उद्या आकडा आणखी वर. शेवटी काटा पलंगाखाली सरकवला. फिरणंही आठवड्यातून दोनदावर आलं.

मला परत आणलं ते नळाच्या पाण्याने. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. जूनमध्ये ऐन पाण्याच्या दिवशी मोटर जळाली. वरच्या मजल्यावरची पिंपं भरायची म्हणजे बादल्या आणि घागरी हातानेच न्यायच्या. मागच्या वर्षी अशीच वेळ आली होती तेव्हा मी दर खेपेला जिन्याच्या वळणावर बसत होतो आणि बायको म्हणाली होती, ‘तुम्ही राहू द्या, मीच नेते.’ या वेळी नऊ खेपा झाल्या आणि मी बसलोच नव्हतो. तेही माझ्या लक्षात आलं नाही, ती म्हणाली, ‘आज थांबला नाहीत होय कुठं?’ त्या दिवशी संध्याकाळी काटा पलंगाखालून काढला, पुन्हा खडूच्या चौकटीत ठेवला. आकडा 91.2. दीड महिन्यापूर्वी होता तोच. पण त्याच्यावर रागवायला मला कारण उरलं नव्हतं.

तेव्हापासून आठवड्यातून एकदाच चढतो. शनिवारी, सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. एका दिवसातला किलोभराचा चढउतार मीठ-पाण्याचा असतो, त्यासाठी रोज जीव जाळण्यात अर्थ नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बेंबीवरून कमरेला टेप लावतो. सुरुवातीला साडेबेचाळीस इंच होती, आता एकोणचाळीस. पुरुषांनी 90 सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत असावं असं डॉक्टर सांगतात, त्यामुळे अजून लांब आहे. वजन या शनिवारी 86.9. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, 6.1 होतं, ऑगस्टमध्ये 5.8 आलं. औषध सुरू करायचं की नाही हे डॉक्टरांनी पुढच्या तपासणीवर ठेवलं आहे.

घ्यावा का? वजनाचा आकडा म्हणाल तर अचूक आहे. गव्हाच्या पाच किलोच्या सीलबंद पिशवीसह आणि पिशवीशिवाय चढून बघितलं, चूक शंभर ग्रॅमच्या आतच. अकरा आकड्यांसाठी आणि अ‍ॅपसाठी पैसे देऊ नका, साधा सातशे रुपयांचा चालतो. ज्यांना रोज आकडा बघून जेवण जात नाही त्यांनी घरात ठेवूच नये, महिन्यातून एकदा दवाखान्यात बघावं. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा भाच्यामुळे कापला.

यण्णीमज्जनाला आता तीन महिने आहेत. रविवारी पाऊण तासाचे दीड तास करायला सुरुवात केली आहे, चप्पल काढून अजून जमत नाही, खडे टोचतात. काट्याचे सेल आतापर्यंत एकदाच बदलले, रिमोटला लागतात तसेच बारीक, तीन. काचेला एका कोपऱ्यात ओरखडा आहे, तो घागरीचा.