गडचिरोली जिल्ह्याचा भिंतीवरचा नकाशा, बर्डीवरून आणलेला

मागच्या महिन्यात नागपुरात बर्डीवरच्या एका पुस्तकांच्या दुकानातून हा नकाशा आणला. 450 रुपये पडले. वर-खाली लाकडी पट्ट्या आहेत, लॅमिनेशन जाड आहे. ऑटोत गुंडाळून आणला तरी कुठे घडी पडली नाही. मनीषनगरच्या घरी हॉलमध्ये लावलाय.

माझी नोकरी तहसील कार्यालयात झाली, त्यातली नऊ वर्षं धानोरा आणि एटापल्लीत. त्यामुळे गडचिरोलीचा नकाशा दिसला की माझं बोट आधी एटापल्लीवर जातं. इथे बाराही तहसिलींच्या हद्दी बरोबर आहेत. वडसा आणि देसाईगंज एकच, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. इथे दोन्ही नावं छापली आहेत. भामरागडपाशी तर मी चष्मा लावून पाहिलं. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तिघी वेगवेगळ्या रेघांनी येऊन मिळताना दिसतात. स्वस्तातल्या नकाशात तिथे एकच जाड निळी रेघ असते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, ते ती वेगळी रेघ पाहिल्याशिवाय समजायचं नाही.

पैसे वसूल झाले ते कोपऱ्यातल्या छोट्या तक्त्यामुळे. गडचिरोली : क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर, लोकसंख्या 10,72,942. खाली तुलनेसाठी नागपूर जिल्हा : 9,892 आणि 46,53,570. म्हणजे तिथे चौरस किलोमीटरमागे 74 माणसं, इथे 470. नागपुरात मला किती तरी जणांनी विचारलंय, एवढ्याशा वस्तीला बारा तहसिली कशाला? आता मी त्यांना नकाशासमोर उभं करते. सिरोंचा ते गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. डोकी मोजून तहसिली पाडल्या असत्या तर सिरोंच्याच्या म्हातारीला साध्या दाखल्यासाठी मुक्काम करावा लागला असता. 26 ऑगस्ट 1982 ला जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तर या सगळ्यांचा कलेक्टर चंद्रपुरात बसायचा! आमदार मात्र डोकी मोजूनच ठरतात, म्हणून एवढ्या मोठ्या मुलखाला तीन आणि नागपूर जिल्ह्याला बारा. हे तक्त्यात नाही, असायला हवं होतं.

आता तक्रार. सहा उपविभाग दाखवलेलेच नाहीत. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीने मिळतो. भामरागडच्या पोराला त्यासाठी एटापल्ली उपविभागात जावं लागतं, कोरचीच्या पोराला कुरखेड्याला. शाळेत लावायचा नकाशा असेल तर ही रेघ हवीच. मुलचेरा आणि अहेरीचे रंगही इतके जवळचे आहेत की ट्यूबलाइटखाली एकच तहसील वाटते.

सगळ्यात जास्त मला खुपलं ते लोकसंख्येपुढे साल नसणं. हा आकडा 2011 चा आहे. त्या फेब्रुवारीत मी एटापल्लीलाच होते. प्रगणक म्हणून नेमलेले गुरुजी टोल्याटोल्यावर, म्हणजे वाड्यावस्त्यांवर, पायी फिरून यायचे. फॉर्मचे गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत, वरून दोरी बांधलेली. एक गुरुजी तीन घरांच्या टोल्यासाठी दुसऱ्यांदा गेले, कारण पहिल्या खेपेला माणसं मोहाच्या झाडांखाली फुलं वेचत होती, घरात कोणी नव्हतं. असा माणूस-माणूस गोळा करून झालेला हा आकडा आहे. तो सालाशिवाय छापला की वाचणारा त्याला आजचा समजतो. त्यात 2027 ची जनगणना तोंडावर आलीय.

दुकानदाराला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “काकू, छापणाऱ्यांपर्यंत पोचवतो, बदलून हवा असेल तर आणून द्या.” चांगला माणूस. बदलून काय उपयोग, सगळ्या प्रती सारख्याच.

तरीही घ्या म्हणेन. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी, गडचिरोलीत बदली झालेल्यांनी तर नक्कीच. फक्त रंग दिवसाच्या उजेडात बघून घ्या. मी काळा मार्कर घेऊन तक्त्यातल्या आकड्यांपुढे 2011 लिहिलं, आणि लाल पेनाने सहा उपविभागांच्या हद्दी ओढल्या. एटापल्लीची आधी.