पैसे लावून परत आणलेला खेळ: आठ महिन्यांनंतर

आधी हिशेब, कारण पोट त्यावरच चालतं. मार्च २०२१मध्ये एका कॉम्प्युटर गेमसाठी ७५ डॉलर. कार्डावरचा परदेशी व्यवहार चालू कसा करायचा हे बँकेच्या ॲपमध्ये अर्धा तास शोधलं, वर बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे पावणेसहा हजारांच्या घरात. खेळ २०२२च्या दिवाळीला मिळणार होता. २०२४च्या उन्हाळ्यात मेल आला की खोका पाठवायचा खर्च वेगळा, आणखी २४ डॉलर. तेही भरले. नोव्हेंबरात खोका इंदूरला पोचला, तेव्हा पोस्टमनने कस्टमचे अकराशे मागितले. आईने दारातच विचारलं, "एवढं काय मागवलंयस?" मी म्हटलं, "खेळ." ती काही बोलली नाही. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे.

स्टुडिओचं आणि खेळाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी पैसे लावले ते ओळखतील, बाकीच्यांना एवढं पुरे: नव्वदीच्या सुरुवातीची एक पॉइंट अँड क्लिक मालिका (चित्रातल्या वस्तूंवर माउसने टिचकी मारत कोडी सोडवायची), तिचे जुने दोन भाग नव्या रूपात आणि एक कोरा तिसरा भाग, सगळं लोकवर्गणीतून. क्राउडफंडिंगला मी वर्गणीच म्हणतो. गणपतीची देतो तशीच दिली, पावती घेऊन विसरून गेलो.

पण का दिली, ते सांगायला पाहिजे. १९९४ साली रामबागेत आत्याकडे ४८६ कॉम्प्युटर आला, काकांच्या हिशेबाच्या कामासाठी. रात्री जेवणं झाली की तो आतेभावाचा (माझा दादा) आणि माझा. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' कुणाच्या तरी फ्लॉपीवरून कुणाच्या तरी फ्लॉपीवर येत येत आमच्याकडे पोचला होता. त्या खेळाबरोबर पुठ्ठ्याची एक चक्ती यायची. खेळ सुरू करताना पडद्यावर चाच्याचा चेहरा दिसायचा. चक्तीची वरची आणि खालची चकती फिरवून तो चेहरा जुळवायचा आणि खिडकीतून दिसणारं साल टाइप करायचं. चोरीची फ्लॉपी असेल तर चक्ती नाही, चक्ती नाही तर खेळ नाही. दादाने कुठून तरी तिची झेरॉक्स पैदा केली, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मधोमध शर्टाचं बटण शिवलं. बटण काकांच्या शर्टाचं होतं, हे नंतर उघड झालं.

त्या खेळांचे आम्ही कधी कुणाला चार आणेही दिले नाहीत. विकत कुठे मिळतात हेच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी परवडले नसते. सत्तावीस वर्षांनी हातात कार्ड होतं, समोर बटण होतं. जुनी उधारी फेडायला निघालेला माणूस भाव करत नाही.

उशीर झाला ही माझी तक्रार नाही. या धंद्यात उशीर गृहीतच धरायचा. टिम शेफरच्या डबल फाइन स्टुडिओने फेब्रुवारी २०१२मध्ये किकस्टार्टर या वर्गणीच्या वेबसाइटवर चार लाख डॉलर मागितले होते आणि ८७ हजारांवर लोकांनी मिळून ३३ लाख ३६ हजार दिले. म्हातारा झालेला हा प्रकार एकदम जागा झाला, प्रकाशक ज्याला दारात उभं करत नव्हते त्याला पैसे मिळू लागले. तरी एवढ्या पैशातही आराखडा बजेटच्या बाहेर गेला, आणि 'ब्रोकन एज' दोन तुकड्यांत आला, जानेवारी २०१४ला अर्धा आणि एप्रिल २०१५ला उरलेला. 'मंकी आयलंड' बनवणारा रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांच्या 'थिंबलवीड पार्क'ची मोहीम २०१४च्या अखेरीस झाली, खेळ मार्च २०१७मध्ये हातात पडला. आमच्या लोकांनी पावणेचार वर्षं घेतली. घेऊ देत.

पहिली संध्याकाळ छान गेली, हे प्रामाणिकपणे लिहितो. देखावे हाताने रंगवलेले, बंदरावरची रात्र तर अशी की मुलीने (ती तेरा वर्षांची आहे) मोबाइल खाली ठेवला. संगीत उत्तम. आमच्या ४८६मध्ये साउंड कार्ड नव्हतं, नुसता पीसी स्पीकर पिपाणीसारखा वाजायचा, त्यामुळे ही चाल खरी कशी आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. कॉन्सर्टिना की काय ते वाद्य ऐकून मी दोन मिनिटं काही न करता बसलो.

दीड मिनिट झालं आणि घुबड बोललं.

नायकाच्या खांद्यावर एक घुबड आहे. दीड मिनिट माउस हलला नाही की ते सुचवतं: तो दोर पाहिलास का? आणखी दीड मिनिटाने: दोर आणि आकडा एकत्र केला तर? तिसऱ्या वेळी थेट उत्तर. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, पण नवं प्रकरण सुरू झालं की पुन्हा चालू. मुलगी चिडून म्हणाली, "बाबा, हा पक्षी आहे की क्लासचा सर?" आमच्याकडे पेपर सोडवताना मागे उभे राहून खोकणारे सर असायचे, अगदी तसं.

मी मेल लिहिला. उत्तर सभ्य होतं: चाचणीत लोक नेमके त्या जागी खेळ सोडून जात होते, म्हणून मदत घातली. खरं असेल. पण १९९५मध्ये आम्हीही सोडूनच जायचो. 'डे ऑफ द टेंटॅकल'मध्ये (ज्यांना खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद गाळा) तीन मित्र तीन काळांत अडकलेले असतात, एक दोनशे वर्षं मागे, एक आज, एक दोनशे वर्षं पुढे. भविष्यात एक हॅमस्टर थंडीने कुडकुडतोय. त्याला स्वेटर हवा, पण स्वेटर माणसाच्या मापाचा. आम्ही अकरा दिवस अडकलो. रविवारी आत्याने दादाला पोहे-जलेबी आणायला पाठवलं, आणि दादा अर्ध्या रस्त्यातून रिकाम्या हाताने पळत आला. ड्रायर! आजच्या ड्रायरमध्ये स्वेटर टाकायचा, पिशवीभर नाणी घालायची, म्हणजे तो दोनशे वर्षं फिरत राहील आणि भविष्यात आटून बाहेर येईल. जलेबी राहिली म्हणून आत्याने त्याला जे सुनावलं ते आजही लग्नकार्यात निघतं. दीड मिनिटात घुबड बोललं असतं तर पोहे वेळेवर आले असते, एवढंच.

सगळी जुनी कोडी चांगली होती असं मी मुळीच म्हणत नाही. सिएरा कंपनीच्या 'किंग्ज क्वेस्ट ५'मध्ये भूक लागली म्हणून कस्टर्ड पाय (एक गोड पक्वान्न) खाऊन टाकला, तर पुढे हिममानव आला की तोंडावर मारायला तोच नसतो, आणि खेळ तुम्हाला काही न सांगता संपलेला असतो. 'गॅब्रिएल नाइट ३'मध्ये मांजराच्या केसांची मिशी करायची, तीही बिनमिशीच्या माणसाचं सोंग घ्यायला. असली कोडी गेली ते बरंच झालं. गिल्बर्टने १९८९मध्येच या दुखण्यावर खरमरीत लेख लिहिला होता. अडवणं वेगळं आणि छळणं वेगळं, हा फरक त्या मंडळींना तेव्हाच कळत होता. मदतही नीट देता येते: 'रिटर्न टू मंकी आयलंड'मध्ये (२०२२, तो वर्गणीचा खेळ नाही) हिंटची वही नायकाच्या झोळीत असते. उघडायची की नाही ते तुमच्यावर.

दुसरा घोटाळा वर्गणीदारांचाच आहे, म्हणजे आमचाच. मोठी रक्कम देणाऱ्यांचं चित्र खेळात लावू, असं आश्वासन होतं. तिसऱ्या भागात सरदाराच्या वाड्यात एक दालन आहे, तिथे भिंतभर तसबिरी. मी मोजल्या, एकशे चाळीस. प्रत्येकीवर क्लिक होतं आणि प्रत्येकाने स्वतः लिहिलेलं एक वाक्य ऐकावं लागतं, कुणाच्या कुत्र्याचं नाव, कुणाच्या बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि कोड्याचा धागा त्यातल्याच एका तसबिरीमागे. देणगीदारांच्या नावांच्या फरश्या देवळात असतात हे मान्य, पण त्या गाभाऱ्याच्या वाटेत आडव्या लावत नाहीत. 'थिंबलवीड पार्क'नेही वर्गणीदारांचे आवाज घेतले होते, पण ते टेलिफोन डिरेक्टरीत ठेवले. हवं त्याने नंबर फिरवावा.

मग टॅबलेट. वर्गणी एका टप्प्यापलीकडे गेली म्हणून टॅबलेटवरही खेळ देऊ असं त्यांनी मध्येच जाहीर केलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. परिणाम आता कळतोय. माउस नुसता वस्तूवरून फिरवला की तिचं नाव दिसतं. बोटाला फिरणं नाही, ते काचेला लागतं किंवा लागत नाही. म्हणून दोन्हीकडे चालेल असा एकच मार्ग ठेवला: टिचकी मारा, काय करायचं ते खेळ ठरवेल. उघड, ढकल, ओढ, दे, बोल ही पडद्याखालची क्रियापदांची पाटी गेली. या खेळांतला निम्मा हशा चुकीच्या क्रियापदांत होता. पुतळ्याशी बोल, भिंत ओढ असलं काहीतरी केलं की कितीतरी मूर्खपणांना वेगळं उत्तर लिहिलेलं असायचं. आता मूर्खपणा करायची सोयच नाही.

जुन्या दोन भागांबद्दल थोडक्यात. मूळ चित्रं ३२० बाय २०० ठिपक्यांची, तेव्हाच्या चार-तीन मॉनिटरवर दिसायची. तिथे ठिपका चौरस नसायचा, रुंदीपेक्षा वीस टक्के उंच असायचा. आजच्या पडद्यावर ठिपका चौरस, त्यामुळे दुरुस्ती केली नाही तर माणसं बुटकी होतात आणि चंद्र दाबलेल्या कचोरीसारखा दिसतो. 'स्कमव्हीएम' नावाचा फुकट प्रोग्राम आहे, २००१पासून हौशी लोक चालवतात, त्यात यासाठी एक चौकट आहे, टिक केली की झालं. पावणेसहा हजारांच्या खेळात ती चौकट नाही.

आता जे खरं सांगायचंय ते. जानेवारीत चौथ्या प्रकरणात आम्ही अडकलो. दिव्यात तेल घालायचंय, तेलाची कुपी घेतल्याचं आठवतंय, पण झोळीत नाही. घुबडही गप्प. तीन दिवस! पीथमपूरच्या बसमध्ये मी कागदावर खोल्यांचा नकाशा काढत होतो. मुलीने शाळेतून येऊन सांगितलं की दीपगृहाच्या राखणदाराशी आपण खोटं बोललो, त्याने ती चोरली असणार. काय सुंदर तर्क होता. बायकोचं म्हणणं, कुपी मुळात तेलाची नव्हतीच. दादा आता पुण्याला असतो, त्याला फोन केला; त्याने खेळ पाहिलेलाही नाही, तरी अर्धा तास बोलला. त्या रात्री आम्ही चौघं (दादा फोनवर) साडेअकरापर्यंत जागे होतो आणि गराडू (तळलेला कंद) थंड होऊन गेले.

शुक्रवारी पॅच, म्हणजे खेळातल्या चुकांची दुरुस्ती, आला. सोबतच्या यादीत एक ओळ: बोलणं चालू असताना खोलीबाहेर गेल्यास कुपी नाहीशी होत असे, दुरुस्त केलं.

अख्ख्या खेळात आम्ही नीट अडकलो ते एकदाच, आणि तो त्यांचा दोष होता. पॅचनंतर जुनं सेव्ह उघडेना, प्रकरण पहिल्यापासून करावं लागलं. या वेळी कुपी झोळीत होती. मुलीने दिव्यात तेल घातलं आणि "हं" म्हणाली.

शेवट सांगत नाही, तो बरा आहे, पण मार्चमध्ये मी तो एकट्यानेच पाहिला. खोक्यातला कापडी नकाशा छान निघाला, आईने तो फ्रिजवर अंथरलाय. फ्लॉपीच्या आकाराचा पेनड्राइव्ह एकदा चालला. आणि एक चक्ती आहे, जुनीसारखी, जाड पुठ्ठ्याची, पितळी खिळ्यावर गुळगुळीत फिरणारी. ती कशालाच लागत नाही. खेळ कुठेही चेहरा दाखवत नाही, साल विचारत नाही. मुलीने दोन-तीनदा फिरवून पाहिली आणि विचारलं, "हिचं करायचं काय?"

कुणी विचारलंच तर: वर्गणी दिली नसेल तर सेलमध्ये चार-पाचशेला मिळेल तेव्हा घ्या, कॉम्प्युटरवरच खेळा, आणि दर प्रकरणाच्या सुरुवातीला सेटिंगमध्ये जाऊन घुबड बंद करा. संगीतासाठी तेवढे पैसे वसूल आहेत. मी मात्र 'डे ऑफ द टेंटॅकल'ची २०१६ची नवी आवृत्ती घेतली, या वेळी रीतसर. त्यात एक बटण दाबलं की जुनं चित्र जसंच्या तसं समोर येतं. मुलगी सध्या हॅमस्टरपाशी आहे. सहावा दिवस.

परवा स्टुडिओचा मेल आला: चौथ्या भागाची मोहीम सुरू, जुन्या वर्गणीदारांना पहिल्या दोन दिवसांत सवलत, आणि खोक्यात या वेळी दोन चक्त्या. कार्डावरचा परदेशी व्यवहार मी गेल्या वर्षीच बंद केलाय, आणि तो चालू कुठून करायचा हे पुन्हा विसरलोय.